तळ असलेला प्रश्न : जड न्यूट्रिनो आणि उद्याचे कोलायडर

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हेड्रॉन कोलायडरने 2012 मध्ये हिग्ज बोसॉन शोधून दिला. त्यानंतरच्या वर्षांत, स्टँडर्ड मॉडेल या मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धान्ताच्या पलीकडचा एखादा कण दिसला का, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर प्रत्येक वेळी 'नाही' असेच आहे. या नकारांनी अभ्यासकांना जितके अस्वस्थ केले, त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्यांपैकी बहुतेकांनी फारसे काही ठरवले नाही. ज्ञात प्रत्येक कणाला एक नवा जोडीदार असावा असे मानणाऱ्या सुपरसिमेट्रीचे कण एका ऊर्जेला मिळाले नाहीत, तेव्हा ते थोड्या वरच्या ऊर्जेला असतील असे म्हणता आले. तिथेही मिळाले नाहीत, तेव्हा आणखी वर. ज्या कल्पनेला कितीही मागे सरकता येते, तिच्याविरुद्धचा पुरावा कधी पुरा पडत नाही. आता आणखी मोठे, आणखी महागडे यंत्र उभारण्याची चर्चा चालू असताना वाचकाने विचारावा असा पहिला प्रश्न म्हणूनच 'तिथे काय सापडेल?' हा नाही. 'काहीच सापडले नाही, तर त्यातून काय कळेल?' हा आहे. या कसोटीवर जड न्यूट्रिनोचा शोध इतर अनेक शोधांपेक्षा सरस ठरतो, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. ते कितपत टिकते आणि कुठे थोडे कमी पडते, हेही इथेच पाहू.

सुरुवात एका पक्क्या निरीक्षणापासून करता येते, आणि हीच या विषयाची मोठी जमेची बाजू आहे. वोल्फगांग पाउली यांनी 1930 मध्ये न्यूट्रिनोची कल्पना मांडली. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी 1956 मध्ये अणुभट्टीजवळ तो प्रत्यक्ष टिपला. पाठोपाठच्या प्रयोगांनी दाखवले की निसर्गात आढळणारे न्यूट्रिनो सगळे डावखुरे असतात, म्हणजे त्यांची फिरकी गतीच्या उलट दिशेला असते. इलेक्ट्रॉनला डावे आणि उजवे अशी दोन्ही रूपे आहेत आणि हिग्ज क्षेत्र त्या दोघांना जोडते, तेव्हा इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळते. न्यूट्रिनोचे उजवे रूप कधी कोणाला दिसलेच नाही. त्यामुळे स्टँडर्ड मॉडेलची घडी बसली तेव्हा ते रूप वगळले गेले आणि न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य धरले गेले. या हिशेबाला 1998 मध्ये धक्का बसला. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार (इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा टाउ) बदलतात, हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दाखवले. असे वातावरणीय न्यूट्रिनो सर्वप्रथम 1965 मध्ये नोंदले गेले होते, आणि ती नोंद करणाऱ्या दोन गटांपैकी एक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम करणारा होता. पुढे 2001-02 मध्ये कॅनडाच्या सडबरी वेधशाळेने सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचे प्रकारही बदलतात हे सिद्ध केले. वस्तुमान शून्य असते तर हे घडलेच नसते. आज इतके ठाऊक आहे की निदान एका न्यूट्रिनोचे वस्तुमान 0.05 इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी नाही. दुसऱ्या बाजूला जर्मनीच्या काट्रिन प्रयोगाने वरची मर्यादा 0.45 इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत खाली आणली आहे. इलेक्ट्रॉन याच्या दहा लाखांहून अधिक पटींनी जड आहे. म्हणजे दोन गोष्टींचे स्पष्टीकरण द्यायला हवे: न्यूट्रिनोला वस्तुमान आले कुठून, आणि ते इतके नगण्य का.

सर्वांत साधे उत्तर म्हणजे वगळलेले उजवे रूप परत आणणे. पण ते परत आणताच एक वेगळीच शक्यता पुढे येते. उजव्या न्यूट्रिनोवर विद्युतभार नाही, त्याला प्रबल बलाची जाणीव नाही आणि क्षीण बलाचीही नाही. एत्तोरे मायोराना यांनी 1937 मध्ये दाखवल्याप्रमाणे असा तटस्थ कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असू शकतो, आणि मग हिग्जच्या मदतीशिवाय त्याला कितीही मोठे वस्तुमान असायला आडकाठी राहत नाही. हे मोठे वस्तुमान आणि हिग्जमुळे आलेला डाव्या-उजव्यांचा दुवा एकत्र घेतले, की गणितातून दोन प्रकारचे कण निघतात: एक अतिशय हलका, एक जड. जड जितका अधिक जड, तितका हलका अधिक हलका. पीटर मिन्कोव्स्की यांनी 1977 मध्ये आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत यानागिदा, गेल-मान, रामाँ व स्लान्स्की, तसेच मूळचे ओडिशाचे रवींद्रनाथ मोहपात्रा व गोरान सेन्यानोविच यांनी ही रचना मांडली, आणि 'सीसॉ' हे नाव तिला चिकटले. या रचनेत जड न्यूट्रिनो पुरता अलिप्त राहत नाही. त्याच्यात डाव्या न्यूट्रिनोचा किंचित अंश मिसळलेला असतो, आणि त्या अंशाच्या जोरावरच तो क्षीण बलातून, अगदी क्वचित का होईना, जन्मू शकतो आणि विघटन पावू शकतो. या अंशाला आपण 'मिश्रण' म्हणू. पुढची सगळी चर्चा दोन राशींभोवती फिरते: जड न्यूट्रिनोचे वस्तुमान आणि त्याचे मिश्रण.

या विषयावरच्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात एक आलेख भेटतो. आडव्या अक्षावर वस्तुमान, उभ्या अक्षावर मिश्रण. वरचा भाग रंगवलेला असतो: तिथे आधीच्या प्रयोगांनी शोध घेतला आणि काही मिळाले नाही, म्हणून तेवढा प्रदेश बाद. हे झाले छत. खाली उजवीकडे उतरत जाणारी एक तिरपी रेघ असते आणि तिच्याकडे नवख्या वाचकाचे सहसा दुर्लक्ष होते. माझ्या मते आलेखातील सर्वांत महत्त्वाची रेघ तीच. सीसॉच्या हिशेबात हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान साधारणपणे जड न्यूट्रिनोचे वस्तुमान गुणिले मिश्रण इतके येते. हलक्याचे वस्तुमान किमान 0.05 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे हे प्रयोगाने ठरवून दिले आहे. म्हणून जड न्यूट्रिनोचे वस्तुमान 50 जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे शंभर कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट), म्हणजे सुमारे 53 प्रोटॉनांइतके धरले, तर मिश्रण लाख कोटीत एक यापेक्षा फारसे कमी असून चालत नाही. त्याहून कमी मिश्रणाचे जड न्यूट्रिनो असले, तरी ज्यासाठी त्यांना बोलावले ते काम त्यांच्याकडून होणार नाही. न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा उगम दुसरीकडेच शोधावा लागेल. त्या तिरप्या रेघेला मी तळ म्हणतो. सुपरसिमेट्रीच्या आलेखांत अशी रेघ नव्हती, कारण तिच्या कणांनी कुठे असावे हे सांगणारे मोजलेले निरीक्षण हाताशी नव्हते. होती ती सौंदर्याची आणि स्वाभाविकतेची अपेक्षा. तळ असलेल्या प्रदेशात 'नाही' हे उत्तर मागे सरकत सरकत कुठेतरी संपते.

असा नकार किती मोलाचा असतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. प्रबल, क्षीण आणि विद्युतचुंबकीय बलांना एका सूत्रात गुंफणारा एसयू(5) हा सिद्धान्त जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी 1974 मध्ये मांडला. त्याच्या सर्वांत साध्या रूपाने प्रोटॉन किती काळाने फुटेल याचा ठोस अंदाज दिला होता. तो पडताळण्यासाठी कोलारच्या खाणीत सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर, अमेरिकेत ओहायोतील मिठाच्या खाणीत आणि जपानमध्ये कामिओकाला यंत्रे बसली. त्या अंदाजाप्रमाणे प्रोटॉन फुटायला हवे होते. ते फुटले नाहीत, आणि साधा एसयू(5) निकालात निघाला. या प्रयोगांची आठवण काढताना, त्याच यंत्रांपैकी काहींनी 1987 मध्ये अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले, असे सांगण्याची प्रथा आहे. ते खरे आहे, पण माझा मुद्दा त्या योगायोगावर टेकलेला नाही. योगायोगाच्या भरवशावर यंत्र बांधा असे कोणाला सांगता येत नाही. अतिनवतारा दिसला नसता, तरी ते प्रयोग सार्थकीच लागले असते, कारण सिद्धान्ताने आकडा दिला होता आणि प्रयोगाची पोहोच त्या आकड्यापलीकडे होती. जड न्यूट्रिनोच्या बाबतीत आकडा आहे. प्रश्न पोहोचीचा आहे.

पोहोच ठरवणारा कण म्हणजे क्षीण बलाचा वाहक झेड बोसॉन. सर्नच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात 1989 ते 2000 या काळात लेप हे कोलायडर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळत होते, आणि त्याच्या चार शोधयंत्रांनी मिळून सुमारे 1 कोटी 70 लाख झेड नोंदवले. दर पाच झेडपैकी एक न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या जोडीत विरून जातो; त्या प्रमाणावरूनच हलके न्यूट्रिनो तीनच आहेत हे लेपने निश्चित केले. या जोडीतील एकाच्या जागी, मिश्रणाच्या प्रमाणात, जड न्यूट्रिनो निघू शकतो. त्याचे वस्तुमान झेडपेक्षा, म्हणजे 91 जीईव्हीपेक्षा, कमी असले म्हणजे झाले. लेपवरील डेल्फी या प्रयोगाने हा शोध घेतला आणि मिश्रणाचे छत लाखात दोनच्या आसपास आणून ठेवले. नंतर लार्ज हेड्रॉन कोलायडरने काही वस्तुमानांसाठी ते दहा लाखांत एकच्याही खाली नेले. आता ज्या यंत्राची चर्चा आहे, ते सर्नचे नियोजित फ्युचर सर्क्युलर कोलायडर: फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या भूमीखाली सुमारे 91 किलोमीटर परिघाचा बोगदा, आणि त्यात पहिल्या टप्प्यात पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच. त्याचा व्यवहार्यता अहवाल मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आराखड्यात झेडसाठी राखलेल्या चार वर्षांत सुमारे 6 लाख कोटी झेड मिळावेत असा अंदाज आहे, म्हणजे लेपच्या जवळजवळ साडेतीन लाख पट. लेपची सारी कमाई हे यंत्र काही मिनिटांत करील. मिश्रण दहा हजार कोटीत एक आणि वस्तुमान 50 जीईव्ही धरून हिशेब केला, तर एवढ्या झेडमधून इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा टाउ यांपैकी एका प्रकाराशी मिसळलेले चार-पाच जड न्यूट्रिनो निघतात. आलेखाच्या भाषेत, तळापासून आपण दहापट वर असतो. आजच्या छतापासून मात्र लाखो पट खाली आलेले असतो.

लाख कोटींच्या राशीतून चार-पाच घटना निवडायच्या, हे ऐकायला अशक्य वाटते. इथे त्या कणाचा दुबळेपणाच कामी येतो. मिश्रण कमी म्हणजे जन्म विरळ. पण त्याच कारणाने आयुष्य मोठे. वर घेतलेल्या उदाहरणातील जड न्यूट्रिनो विघटन होण्यापूर्वी सरासरी 20 सेंटिमीटरच्या आसपास अंतर कापतो. आघाताच्या बिंदूतून काहीही निघालेले दिसत नाही; आणि मग शोधयंत्राच्या पोकळीत, त्या बिंदूपासून वीतभर दूर, कुठूनच न आल्यासारखा कणांचा एक झुबका उमटतो. बऱ्याच वेळा त्यात एक इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन आणि क्वार्कपासून झालेले कणांचे दोन झोत असतात. झेडच्या नेहमीच्या विघटनांत इतक्या वजनाचा कण इतक्या दूरवर फुटत नाही, त्यामुळे भेसळ जवळपास नाहीच. प्रोटॉनांच्या टकरीत दर क्षणी उसळणारा ढिगारा इथे नसतो, हाही इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्राचा फायदा. मार्ग मोजण्याची अट मात्र कडक आहे: वस्तुमान थोडे घटले की हे अंतर झपाट्याने वाढते. 30 जीईव्ही वस्तुमान आणि तळाजवळचे मिश्रण असेल, तर सरासरी वाट दहा मीटरपुढे जाते, आणि बहुतेक कण यंत्राबाहेर जाऊन फुटतात.

या शोधावरचा पहिला आक्षेप असा की हा दिव्याखाली चाललेला शोध आहे: वस्तू हरवली तिथे नव्हे, तर उजेड आहे तिथे शोधण्यासारखा. सीसॉच्या मूळ कल्पनेत जड न्यूट्रिनो कोटी कोटी जीईव्हीच्या घरातला होता. तिथे कोणतेही कोलायडर कधी पोहोचणार नाही. मग 10 ते 80 जीईव्हीचा पट्टा निवडण्याचे कारण तो आपल्याला परवडतो एवढेच का? हा आक्षेप अर्धा खरा आहे. वस्तुमान किती, याबद्दल सिद्धान्त मौन पाळून आहे, आणि त्या मौनात आपल्या सोयीची जागा निवडली जाते. अतिजड न्यूट्रिनो हिग्जच्या वस्तुमानाला अस्थिर करतात, म्हणून ते नसावेत, असे उत्तर काही जण देतात. मी ते देणार नाही. तीही स्वाभाविकतेचीच अपेक्षा आहे, आणि तिच्यावर विसंबून सुपरसिमेट्रीच्या शोधात काय झाले ते वर आलेच आहे. खरे उत्तर दुसरे आहे. या पट्ट्यातले न्यूट्रिनो दुसऱ्या एका निरीक्षणाचाही उलगडा करू शकतात. विश्वात द्रव्य आहे आणि प्रतिद्रव्य जवळजवळ नाही. सुरुवातीला दर शंभर कोटी कण-प्रतिकणांच्या जोड्यांमागे जेमतेम एखादा कण वरचढ राहिला असावा. फुकुगिता आणि यानागिदा यांनी 1986 मध्ये ही तफावत जड न्यूट्रिनोंच्या विघटनातून येऊ शकते हे दाखवले, पण त्यासाठी ते प्रचंड जड असावे लागत. अख्मेदोव, रुबाकोव आणि स्मिर्नोव यांनी 1998 मध्ये, आणि असाका व शापोश्निकोव यांनी 2005 मध्ये, हलक्या वस्तुमानाचे न्यूट्रिनोही आपापसांतील दोलनांतून तेच साधू शकतात हे मांडले. दोन जड न्यूट्रिनोंची वस्तुमाने जवळजवळ सारखी असली, तर त्यांचे परिणाम एकमेकांना छेदतात आणि मिश्रण तळापेक्षा बरेच वर असूनही हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान लहानच राहते. द्रव्याचा हिशेब जुळवणारा आलेखाचा मोठा भाग झेडच्या कारखान्याच्या पोहोचीत येतो. दिव्याचा उजेड जिथे पडतो, तिथे शोधण्याजोगे खरोखर काही असण्याचे स्वतंत्र कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो माझ्या मूळ दाव्यालाच हात घालतो. ज्याला मी तळ म्हणतो, तो खरेच तळ आहे का? न्यूट्रिनोला वस्तुमान देणारे इतरही मार्ग आहेत: हिग्जच्या नव्या कुटुंबातून, अप्रत्यक्ष क्वांटम परिणामांतून, किंवा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनसारखाच साधा असून त्याचा हिग्जशी दुवाच कमालीचा क्षीण असेल. त्या मार्गांना ही तिरपी रेघ बांधील नाही. शिवाय वरच्या हिशेबात आपण तळाच्या दहापट वर थांबलो. दोन्ही गोष्टी मान्य करायलाच हव्यात. सर्व झेड तपासून काहीच मिळाले नाही, तर 'सीसॉ चूक' असे म्हणता येणार नाही. पण मधल्या वस्तुमानाचे, द्रव्याच्या उगमाला पुरेसे मिश्रण असलेले जड न्यूट्रिनो नाहीत, हे म्हणता येईल; आणि उरेल तो तळालगतचा अरुंद पट्टा. आजचे छत आणि तळ यांच्यामध्ये मिश्रणाच्या सुमारे लाखपटीहून अधिक रुंदीचा प्रदेश मोकळा पडला आहे, त्यातला बराचसा एका यंत्राच्या चार वर्षांत मिटतो. एखाद्या कल्पनेच्या विशिष्ट रूपाला इतके कोंडीत पकडणारे शोध मूलकणांच्या भौतिकीत फार नाहीत.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो. समजा, सापडलाच, तरी तो न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला जबाबदार असलेलाच कण आहे हे कशावरून? कोणीतरी वाटसरू तटस्थ कणही असू शकेल. इथेही तळ ठरवणारे तेच निरीक्षण उपयोगी पडते. न्यूट्रिनोंच्या दोलनांनी हलक्या न्यूट्रिनोंचे परस्पर प्रमाण चांगल्या अचूकतेने ठरवले आहे. जड न्यूट्रिनो दोनच असतील, तर ते इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाउ यांच्याशी कोणत्या प्रमाणात मिसळतील यावर त्या मोजमापांमुळे बंधने येतात. सापडलेल्या कणाची विघटने मोजून ही प्रमाणे त्या बंधनांत बसतात का, हे पाहता येईल. तो स्वतःचाच प्रतिकण आहे का, हेही त्याच्या विघटनातील कणांच्या दिशांवरून आजमावता येते. अर्थात त्यासाठी चार-पाच नव्हे, शेकडो घटना लागतील. म्हणजे ओळख पटवणे शक्य आहे, पण मिश्रण तळाच्या बरेच वर असेल तरच. हेही लपवण्याचे कारण नाही.

हे एकच यंत्र सगळा आलेख झाकत नाही. काही जीईव्हीपर्यंतच्या वस्तुमानांसाठी सर्नने 2024 मध्ये मंजूर केलेला शिप हा प्रयोग अधिक योग्य आहे. त्यात प्रोटॉनांचा झोत जाड लक्ष्यावर आदळवून मागे लांबलचक पोकळीत विघटनांची वाट पाहिली जाईल. झेडपेक्षा जड न्यूट्रिनोंसाठी अधिक ऊर्जेची प्रोटॉन यंत्रे किंवा म्युऑन कोलायडर हवेत, आणि तिथे पोहोच तळापासून खूप वर राहते. चीनच्या प्रस्तावित यंत्राची योजना बरीचशी सर्नच्याच धर्तीवर आहे. खर्चाचा प्रश्नही उरतोच: सर्नच्या पहिल्या टप्प्याचा अंदाज सुमारे 15 अब्ज स्विस फ्रँक आहे, आणि 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य असलेल्या भारतातही तो विचारला जायला हवा. एकट्या जड न्यूट्रिनोसाठी एवढा पैसा कोणी मागत नाही, मागूही नये. यंत्राचे मुख्य प्रयोजन हिग्ज आणि झेड यांचे अचूक मोजमाप हे आहे. माझा मुद्दा त्या प्रयोजनांच्या आतल्या वाटपाचा आहे. मोठ्या योजनेत काटछाट होते, तेव्हा आधी ओळखीच्या गोष्टींवर कात्री चालते, आणि झेड हा तर 1983 पासून ओळखीचा कण. त्याची चार वर्षे दोनवर आणली, तर हिग्जच्या अभ्यासाचे फार बिघडणार नाही. जड न्यूट्रिनोची पोहोच मात्र त्याच प्रमाणात वर सरकेल आणि तळ आणखी दूर जाईल. तसेच शोधयंत्रांच्या आतील मार्ग टिपणारी पोकळी लहान ठेवली, तर दूर फुटणारे कण हातचे जातील, आणि ती चूक यंत्र उभे राहिल्यावर दुरुस्त होणार नाही. म्हणून पुढील काही वर्षांत आराखडे पक्के होताना झेडची संख्या आणि पोकळीची त्रिज्या या दोन आकड्यांवर वाचकाने लक्ष ठेवावे. उद्याचा नकार काही ठरवणारा असेल, की आजच्यासारखाच मागे सरकायला वाट देणारा, हे या दोन आकड्यांवर अवलंबून आहे.